पडदा, प्रतिहारी आणि भांडारी

जे आत आहे पण हाती येत नाही, ते मुळात नाहीच असे मानावे की ते कशाने तरी अडले आहे असे मानावे, हा भारतीय दर्शनांतील एक जुना प्रश्न आहे. जैन कर्मसिद्धान्ताचे उत्तर या बाबतीत निःसंदिग्ध आहे. अनंत ज्ञान हा जीवाचा स्वभावच असल्यामुळे ते बाहेरून मिळवावे लागत नाही, त्यावर चढलेले आवरण तेवढे दूर व्हावे लागते. परंतु हे दर्शन एवढ्यावर थांबत नाही; आवरण कोणत्या जातीचे, ते नेमके कोठे बसले आहे, त्याने काय झाकले आणि काय झाकले नाही, याची त्याने केलेली छाननी इतकी बारीक आहे की ती वाचताना एखाद्या मुरलेल्या तंत्रज्ञाची तपासणी आठवावी. दुसऱ्या बाजूने पाहता, लिनक्स या मुक्त संगणक-प्रणालीवर चालणाऱ्या यंत्रात लॉगिन, म्हणजे नाव व पासवर्ड देऊन आपल्या खात्यात शिरणे, अडते, तेव्हा त्या यंत्रासमोर बसलेल्या माणसापुढे हाच प्रश्न लहान आकारात उभा राहतो. त्याची कागदपत्रे, हिशेब, छायाचित्रे सारी समोरच्याच डिस्कवर असतात आणि तरीही त्याच्या लेखी ती नसल्यासारखी असतात. हे साम्य वरवरचे आहे की त्यातून दोन्हीकडचे काही उलगडते, हे तपासण्यास वाशीम जिल्हा सोयीचा आहे, कारण अडवणूक आणि उघडणे यांच्या अर्वाचीन जैन इतिहासातील दोन ठळक घटनांशी या जिल्ह्याचा संबंध येतो.

पहिली घटना कारंजा (लाड) या गावाशी जोडलेली आहे. कारंजा हे बलात्कारगण, सेनगण व काष्ठासंघ या दिगंबर परंपरांचे जुने केंद्र असून तेथील हस्तलिखित-भांडारांनी अपभ्रंश वाङ्मयाच्या अभ्यासाला विसाव्या शतकात मोठाच आधार दिला. ज्या ग्रंथावर दिगंबरांचा सारा कर्मविचार उभा आहे तो षट्खंडागम आणि त्यावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका यांच्या ताडपत्री प्रती मात्र कित्येक शतके कर्नाटकातील मूडबिद्री येथेच बंद होत्या. यात्रेकरूंना त्या पोथ्यांचे दर्शन घडे, त्यांची पूजा होई, पण त्या वाचावयास मिळत नसत. पुढे मूडबिद्रीत गुप्तपणे केलेली एक नक्कल बाहेर पडली, तिच्यावरून आणखी नकला होत गेल्या आणि त्यांतील एक कारंज्यास पोचली. अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक असलेले डॉ. हीरालाल जैन यांनी अमरावती, आरा व कारंजा येथील प्रती जुळवून धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये प्रसिद्ध केला, आणि सोळा खंडांचे ते काम १९५८ पर्यंत चालले. ज्ञान झाकले कसे जाते हे सांगणारा ग्रंथच इतका काळ झाकलेला राहावा, यातला विनोद त्या संपादकांच्या नजरेतून सुटला असेल असे वाटत नाही.

याच धवलेच्या परंपरेचे सार नेमिचंद्र सिद्धान्तचक्रवर्ती यांनी गोम्मटसार या ग्रंथात आणले. त्याच्या कर्मकांड या भागात कर्माच्या आठ मूळ प्रकृतींना आठ दृष्टान्त दिले आहेत. त्यांपैकी जीवाच्या स्वाभाविक गुणांचा घात करणाऱ्या, म्हणून घाती म्हटलेल्या, चार प्रकृतींचे दृष्टान्त येथे कामाचे आहेत. ज्ञानावरणीय कर्म हे मूर्तीवर पडलेल्या पडद्यासारखे. दर्शनावरणीय हे राजाची भेट होऊ न देणाऱ्या प्रतिहाऱ्यासारखे, म्हणजे द्वारपालासारखे. मोहनीय हे मद्यासारखे. आणि अंतराय हे भांडाऱ्यासारखे, म्हणजे राजाने देण्याची आज्ञा केली असूनही कोठारातून वस्तू बाहेर न काढणाऱ्या अधिकाऱ्यासारखे. या मांडणीतील खरी सूक्ष्मता पडदा, प्रतिहारी व भांडारी यांना वेगवेगळे धरण्यात आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाला तिन्ही वेळा एकच अनुभव येतो, तो म्हणजे रिकाम्या हाताने परतण्याचा; परंतु एका वेळी त्याला दिसले नाही, दुसऱ्या वेळी त्याला सोडले नाही आणि तिसऱ्या वेळी त्याला सोडले, मानलेही, पण दिले नाही.

लिनक्समधील प्रवेशाची रचना जवळजवळ याच तीन पायऱ्यांची आहे. पडद्यावर नाव व पासवर्ड विचारणारी खिडकी ही केवळ दर्शनी बाजू असते. तिच्यामागे १९९५ च्या सुमारास सन मायक्रोसिस्टिम्समध्ये आकारास आलेली आणि पुढे लिनक्सने स्वीकारलेली पॅम नावाची यंत्रणा काम करते. ही यंत्रणा प्रथम येणारा जो असल्याचे सांगतो तोच आहे का ते पाहते, नंतर तोच असला तरी त्याला आत्ता येथे येऊ द्यावे का ते ठरवते आणि शेवटी त्याच्यासाठी कामाचे सत्र उघडते, म्हणजे त्याचे घर म्हणून राखलेली निर्देशिका, त्याचा डेस्कटॉप आणि त्याची साधने त्याच्या स्वाधीन करते. पहिल्या पायरीबद्दल एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. यंत्राला पासवर्ड ठाऊक नसतो. त्याच्याजवळ पासवर्डवरून गणिताने काढलेला एक ठसा असतो, ज्याला हॅश म्हणतात; त्या ठशावरून मूळ शब्दाकडे परत जाता येत नाही, आणि यंत्र फक्त नव्याने दिलेल्या शब्दाचा ठसा जुन्या ठशाशी जुळतो का एवढेच पाहते. ‘तोच हा’ या ज्ञानाला जैन तार्किकांनी प्रत्यभिज्ञान असे नाव देऊन स्वतंत्र प्रमाण मानले आणि त्यात स्मरण व प्रत्यक्ष या दोहोंची सांगड सांगितली. यंत्राजवळ या अर्थाने स्मरणही नाही आणि प्रत्यक्षही नाही, ठशाला ठसा तेवढा आहे. तेव्हा यंत्राने नाकारले म्हणून माणसाच्या असण्याला काही बाधा येते असे समजण्याचे कारण नाही.

पडद्याचे उदाहरण वाशीमसारख्या ठिकाणी वारंवार घडणारे आहे. मराठी टंकनासाठी यंत्रात इनस्क्रिप्ट हा कळफलक बसवलेला असतो आणि आधी काम करून गेलेल्याने तो तसाच चालू ठेवलेला असतो, किंवा प्रवेशाच्या खिडकीने तोच धरून ठेवलेला असतो. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर फक्त ठिपके उमटतात. इंग्रजी ‘के’ची कळ दाबली तर ‘क’ उमटतो, हे ठीकच. पण ‘एच’ दाबल्यावर ‘प’, ‘जे’ दाबल्यावर ‘र’ आणि ‘डी’ दाबल्यावर नुसता हलन्त उमटतो, आणि ठिपके मात्र सगळे सारखेच दिसतात. बोटे बरोबर आहेत, स्मरण बरोबर आहे, यंत्राजवळचा ठसाही बरोबर आहे, आणि तरीही उत्तर येते की पासवर्ड चुकला. अशा वेळी जाणकार माणूस कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून चित्रांविना नुसत्या अक्षरांचा जो प्रवेशपट असतो त्यावर जातो. तेथे कळफलक सहसा इंग्रजीच असतो, तोच पासवर्ड तेथे चालतो, आणि दोष ना माणसात होता ना यंत्रात, दोहोंच्या मधल्या थरात होता, हे एका क्षणात कळते. ज्ञानावरणाच्या दृष्टान्तात पडदा मूर्तीचाही नसतो आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याचाही नसतो, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते.

प्रतिहाऱ्याची पायरी अधिक गुंतागुंतीची आहे, कारण तेथे ओळख पटूनही नकार मिळतो. खाते मुदत संपून बंद झालेले असू शकते. प्रशासकाने त्याला कुलूप घातलेले असू शकते. आणि फेललॉक या घटकाच्या मूळ मांडणीप्रमाणे लागोपाठ तीन वेळा पासवर्ड चुकला तर दहा मिनिटे खरा पासवर्डही स्वीकारला जात नाही. पॅममध्ये असाही एक घटक आहे की जो ठरावीक वारी व ठरावीक वेळातच प्रवेश देतो, आणि त्याचा विचार करताना दुसऱ्या घटनेचे ठिकाण, याच जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर, डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. मूर्ती जमिनीपासून अधांतरी आहे या श्रद्धेमुळे प्रसिद्ध असलेल्या या क्षेत्रावर दिगंबर व श्वेतांबर दोघांचीही भक्ती आहे. १९०५ मध्ये दोन्ही पंथांच्या पूजेच्या वेळा वाटून देणारे वेळापत्रक ठरले. पुढे मूर्तीवरील लेप, तिचे स्वरूप आणि व्यवस्थापन यांचा वाद न्यायालयात गेला आणि १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १९८१ मध्ये लागलेले कुलूप सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये निघाले. मधली बेचाळीस वर्षे भाविकांनी लहानशा झरोक्यातून दर्शन घेतले, म्हणजे पाहण्याची मुभा होती, स्पर्शाची व पूजेची नव्हती. फाइल वाचता येते पण तिच्यात काही लिहिता येत नाही, अशा परवानगीचीच ही स्थिती म्हणता येईल. वेळापत्रकाच्या काळातही एखाद्या भाविकाला चुकीच्या प्रहरी थांबवले गेले, तर तो भाविक नाही असा त्याचा अर्थ नव्हता. प्रतिहारी ओळखीबद्दल काहीच बोलत नसतो. तो व्यवस्थेबद्दल बोलत असतो, आणि नकार ऐकणाऱ्याला मात्र तो नेहमी ओळखीबद्दलचाच वाटतो. मंदिराच्या वादांतील कटुतेचा बराचसा भाग या गैरसमजातून येतो, असे म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

प्रतिहाऱ्याचा मितभाषीपणा हाही एक स्वतंत्र विषय आहे. नाव चुकले की पासवर्ड चुकला हे प्रवेशाची खिडकी मुद्दामच सांगत नाही, कारण ते सांगितल्यास चोराला अर्धी वाट मोकळी होते. सुरक्षिततेसाठी पाळलेले हे मौन प्रामाणिक माणसालाही अंधारात ठेवते. म्हणून कारण शोधायचे तर दारात उभे राहून चालत नाही; जर्नल नावाची जी नोंदवही प्रणाली आपल्याशीच लिहीत असते ती उघडावी लागते, आणि तिच्यात कोणत्या घटकाने कोणत्या क्षणी काय नाकारले ते स्पष्ट शब्दांत नोंदलेले असते.

भांडाऱ्याचा दोष सर्वांत चकवणारा असतो. पासवर्ड स्वीकारला जातो, पडदा क्षणभर काळा होतो, आणि पुन्हा तीच प्रवेशाची खिडकी समोर येते. ना चूक सांगितली जाते, ना आत घेतले जाते. अशा वेळी बहुधा दोनांपैकी एक कारण निघते. एक तर डिस्क भरलेली असते, त्यामुळे सत्र सुरू करताना ज्या लहानसहान फाइली लिहाव्या लागतात त्या लिहिता येत नाहीत. किंवा चित्रपटलावर हक्क सांगण्यासाठी घरच्या निर्देशिकेत ठेवलेली एक्सऑथॉरिटी नावाची बारीकशी फाइल रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या, नावावर गेलेली असते. कोणी तरी केव्हा तरी सर्वाधिकार वापरून एखादा खिडकीवाला प्रोग्राम चालवलेला असतो आणि जाता जाता त्या फाइलीची मालकी बदललेली असते. स्वतःच्या घरातली एक वस्तू दुसऱ्याच्या नावावर झाल्यामुळे घरधनीच दाराबाहेर राहतो. अक्षरपटावरून आत जाऊन मालकी परत केली, किंवा टाकाऊ फाइली काढून जागा केली, की काम होते. यात एक तपशील असा की ईएक्सटी-४ या प्रचलित मांडणीत डिस्कचा पाच टक्के भाग मूळपासून रूटसाठी राखलेला असतो. म्हणून डिस्क ‘भरली’ असतानाही रूटला हालचाल करता येते. कोठार रिकामे नसते आणि भरूनही गेलेले नसते, ते फक्त एका माणसापुरते बंद असते. अंतराय कर्माच्या पाच भेदांत दान, लाभ, भोग, उपभोग व वीर्य यांना येणारी विघ्ने वेगवेगळी मोजलेली आहेत, त्यांतील लाभांतरायाचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण आहे.

राहिले मोहनीय, म्हणजे मद्य. ते यंत्रात शोधण्यात अर्थ नाही, ते दुरुस्ती करणाऱ्यात असते. पासवर्ड काल बदलला होता हे विसरून जुनाच शब्द हट्टाने पुन्हा पुन्हा देत राहणे हे त्याचे सौम्य रूप. कारण न शोधता सारी प्रणाली पुसून नव्याने बसवणे हे त्याचे उग्र रूप. दुसऱ्या प्रकारात लॉगिन होते खरे, पण ज्यासाठी लॉगिन करायचे होते ते घर गेलेले असते, आणि हा उपाय सुचवणाऱ्यांचा आत्मविश्वास सहसा दांडगा असतो. जैन परंपरेत आत्मविकासाच्या चौदा पायऱ्या, म्हणजे गुणस्थाने, सांगितली आहेत. त्यांत मोहनीयाचा क्षय आधी होतो आणि ज्ञानावरण, दर्शनावरण व अंतराय ही तिन्ही त्यानंतर बाराव्या गुणस्थानाच्या अखेरीस एकदम गळून पडतात. हा क्रम उलटा का नाही, हे समजण्यासाठी बिघडलेल्या यंत्रासमोर चिडून बसलेल्या माणसाला पाहणे पुरेसे आहे.

येथवर साम्य जुळते; पुढे ते ताणले जाऊ लागते. कर्मसिद्धान्ताचा कणा असा की जो भोगतो तो आपलेच भोगतो. पण फेललॉकच्या बाबतीत तिसऱ्याच कोणी तरी तीन वेळा चुकीचा पासवर्ड दिलेला असतो आणि कुलूप मात्र खातेदाराला लागते. शिरपूरच्या कुलपातही असेच झाले. ज्यांचा वादाशी काडीचा संबंध नव्हता अशा भाविकांच्याही दोन पिढ्या झरोक्यापाशी थांबल्या. यावर जैन तार्किक उपादान व निमित्त असा भेद पुढे करतात. उपादान म्हणजे कार्यरूपाने जे स्वतः परिणत होते ते कारण, आणि निमित्त म्हणजे त्या वेळी बाहेरून उपस्थित असलेले साहाय्यक कारण. दुसरा माणूस केवळ निमित्त असतो, विघ्नाचे उपादान ज्याचे त्याच्यापाशीच असते. तर्काच्या दृष्टीने हे उत्तर निर्दोष असले तरी ते बंद दारासमोरच्या माणसाला ऐकवण्याजोगे नाही. सुदैवाने त्याच परंपरेत दुसरी बाजूही सांगितलेली आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात दुसऱ्याच्या कार्यात विघ्न आणणे हेच अंतराय कर्माच्या बंधाचे कारण म्हटले आहे. याचा अर्थ असा की सिद्धान्ताचा रोख अडलेल्यापेक्षा अडवणाऱ्याकडे अधिक आहे, आणि किल्ली ज्यांच्या हाती असते त्यांनी, मग ते मंदिराचे विश्वस्त असोत, ग्रंथभांडाराचे रक्षक असोत की एखाद्या कचेरीतले संगणक-प्रशासक, हे सूत्र स्वतःला उद्देशून वाचणे अधिक योग्य होय.

रूट या खात्यामुळे आणखी एक प्रश्न उद्भवतो. यंत्र सुरू होतानाच विशेष रीतीने आत शिरून, कोणताही पासवर्ड न देता, सर्वाधिकारी होऊन कोणाचाही पासवर्ड नव्याने ठेवता येतो. जैन दर्शनात या जागी कोणीच नाही. तेथे जगाचा कर्ता ईश्वर नाही, आणि तीर्थंकर मार्ग दाखवतात पण दुसऱ्याच्या कर्माची एक गाठही सोडवत नाहीत. परंतु ज्या कारंज्यात धवलेची नक्कल पोचली तेच कारंजा नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तसंप्रदायात पूज्य आहे, आणि गुरुचरित्राच्या परंपरेत गुरूच्या कृपेने जे अडलेले असते ते उघडते ही श्रद्धा मध्यवर्ती आहे. एकाच गावात, थोड्या अंतरावर, एका घरी कर्माच्या शंभरावर उत्तरप्रकृतींचा हिशेब वाचला जातो आणि दुसऱ्या घरी गुरूचे नाव घेतले जाते. निदानासाठी पहिली रीत श्रेष्ठ आहे यात शंका नाही. मात्र रात्री उशिरा, उद्या सकाळी द्यायचे कागद आत अडकलेले असताना, ज्याला रूटचा मार्ग ठाऊक आहे असा माणूस भेटणे ही काय चीज असते, हे निव्वळ निदानवाद्यांना सहसा समजत नाही.

तरीही कृपेला मर्यादा आहे आणि ती यंत्रात फार स्पष्ट दिसते. रूट नवा पासवर्ड देऊ शकतो, जुना सांगू शकत नाही, कारण ठशावरून शब्दाकडे जाण्याची वाट त्यालाही नसते. म्हणून नव्या पासवर्डने खाते उघडले तरी साठवलेल्या गुपितांची पेटी, जिला कीरिंग म्हणतात, जुन्याच पासवर्डने बंद केलेली असल्यामुळे बंद राहते. आणि सारी डिस्कच लक्स या पद्धतीने कूटबद्ध केलेली असेल, म्हणजे तिच्यावरचे प्रत्येक अक्षर किल्लीवाचून निरर्थक वाटावे असे बदलून ठेवलेले असेल, तर किल्लीचे वाक्य हरवल्यावर रूट होण्याची वेळच येत नाही. तेथे पडदा, प्रतिहारी व भांडारी असे तीन वेगळे राहत नाहीत. अक्षरे आहेत, पूर्ण आहेत, एकही गळालेले नाही, आणि ती कधीही वाचली जाणार नाहीत.

या ठिकाणी आरंभीचा प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड होतो. जैन दर्शनात अभव्य नावाचे जीव मानलेले आहेत, ज्यांना मोक्ष कधीच होणार नाही. आचार्य पूज्यपादांनी तत्त्वार्थसूत्रावरील सर्वार्थसिद्धी या टीकेत यावर आक्षेपकाच्या तोंडून सरळ शंका उपस्थित केली आहे. अभव्यात केवलज्ञानाची, म्हणजे पूर्ण निरावरण ज्ञानाची, शक्ती आहे असे म्हणावे तर तो अभव्य कसा, आणि नाही म्हणावे तर त्याच्यातील केवलज्ञानावरण नक्की कशावर आवरण घालते? त्यांचे उत्तर दोन नयांनी, म्हणजे पाहण्याच्या दोन अपेक्षांनी, दिलेले आहे. द्रव्याच्या अपेक्षेने शक्ती आहे, पर्यायाच्या अपेक्षेने, म्हणजे प्रत्यक्ष प्रकट होण्याच्या अपेक्षेने, ती नाही. भव्य व अभव्य यांतील भेद शक्तीच्या असण्यानसण्याचा नसून ती व्यक्त होण्याच्या योग्यतेचा आहे. किल्ली हरवलेल्या डिस्कबद्दल याहून अचूक विधान करता येणार नाही. फरक इतकाच की डिस्कच्या बाबतीत तंत्रज्ञ जवळजवळ खात्रीने सांगू शकतो की आता प्रयत्न थांबवावा, आणि कोणता जीव अभव्य आहे हे मात्र जैन मताप्रमाणे केवलज्ञान्यावाचून कोणालाच सांगता येत नाही. त्यामुळे थांबण्याचा सल्ला देण्याचा अधिकार तेथे कोणाकडेच उरत नाही.